सत्तर सेकंदांची भूल

डुकराच्या पिलाला भूल देण्याच्या यंत्रावर मराठीत पुस्तक कशाला, असा प्रश्न वाचकाला पडणार हे धरूनच ही प्रस्तावना लिहितो आहे. आपल्याकडे वराहपालन थोडं, बंदिस्त शेडमधलं त्याहून थोडं. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत सोरपोतेलाशिवाय सण साजरा होत नसेल, पण घाटावर डुक्कर हा शब्दसुद्धा जेवताना कुणी काढू देत नाही. शिवाय या पुस्तकातलं यंत्र जर्मनीतलं, कायदा जर्मनीतला, भांडणंही तिथलीच. तरी विषय परका नाही, कारण खच्ची करणं परकं नाही.

माझ्या लहानपणी गोऱ्हा बडवायचा तो सकाळच्या वेळी. चार गडी दोर टाकून त्याला पाडत, पाय आवळत, एक जण मानेवर बसे. मग वृषणाच्या शिरा दोन काठ्यांत धरून ठेचत. आम्हा पोरांना तिथून हाकललं जाई आणि आम्ही कुडाच्या फटीला डोळा लावत असू. पुढे गुरांच्या दवाखान्यात बर्डिझोचा चिमटा आला. कातडी न फाडता आतली शीर चिरडणारं हे इटालियन अवजार, आणि त्याचं सगळ्यांना कौतुक, कारण रक्त दिसत नसे. रक्त दिसलं नाही म्हणजे दुखलंही नाही, असा तो हिशेब होता. बैल मात्र त्यानंतरही दोन दिवस पाय फाकवून उभा राही, वैरणीला तोंड लावत नसे. ते कुणी हिशेबात धरलं नाही.

भाषेनेही हे सोयीस्कर विसरून टाकलं आहे. वर्तमानपत्रांत दर आठवड्याला कुणा पुढाऱ्याचं किंवा कर्मचाऱ्यांचं ‘मानसिक खच्चीकरण’ होत असतं. मूळ क्रिया कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. आणि कायद्याचं म्हणाल तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाचं कलम ११ क्रूरतेची लांबलचक यादी देतं आणि त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात शिंगं काढणं, खच्ची करणं, डाग देणं आणि वेसण घालणं, हे ‘विहित रीतीने’ केलं तर त्या यादीतून वगळतं. म्हणजे दुखतं हे कायद्याला ठाऊक आहे. नसतं तर वगळायची गरज पडली नसती.

आता डुकराकडे वळू.

नर पिलं खच्ची करतात ती एका वासासाठी. नर वयात आला की त्याच्या वृषणांत अँड्रोस्टेनोन नावाचं संप्रेरकाच्या जातीचं द्रव्य तयार होतं आणि ते चरबीत साठतं. दुसरं द्रव्य स्कॅटोल. ते मोठ्या आतड्यात प्रथिनांच्या कुजण्यातून बनतं. मादीत आणि खच्ची केलेल्या नरात यकृत त्याचा निचरा करतं, धडधाकट नरात तो निचरा मंदावतो. कच्च्या मांसात हा वास फारसा कळत नाही. तव्यावर चरबी तापली की मुतारीचा आणि शेणखताचा मिळून एक दर्प स्वयंपाकघरात भरतो. गंमत अशी की अँड्रोस्टेनोनचा वास कित्येक माणसांना मुळीच येत नाही, त्यामुळे एकाच टेबलावर एक जण चवीने खातो आणि दुसरा ताट सरकवतो. स्कॅटोलचा जवळचा नातलग इंडोल हा जाईजुईच्या सुगंधातला घटक आहे, हे इथे सांगायलाच हवं असं नाही, पण नाकाच्या न्यायाबद्दल ते बरंच काही सांगतं.

सगळेच नर असा वास देत नाहीत. पण कोणता देईल हे कत्तलखान्यात कळतं, त्याआधी नाही. म्हणून सगळेच खच्ची. एकट्या जर्मनीत वर्षाला सुमारे २ कोटी पिलं, असा आकडा तिथल्या चर्चेत अनेक वर्षं वापरला जात होता. क्रिया साधी: जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात पिलू उलटं धरायचं, पातीने दोन चिरा द्यायच्या, वृषण बाहेर दाबून घ्यायचे, वृषणरज्जू कापायची, जखमेवर फवारा. सवयीच्या हाताला मिनिटभरही लागत नाही. पिलाचं ओरडणं नुसत्या धरण्यानेही सुरू होतं. मात्र चिरा पडल्यावर त्याची पट्टी हजार हर्ट्झच्या वर चढते, आणि हे ध्वनिमापकांनी मोजलेलं आहे. शेडमध्ये काम करणारी माणसं कानाला संरक्षक लावतात ते या आवाजासाठीच.

पहिला आठवडा का, याचं उत्तर युरोपच्या नियमांत आहे. आधी चार आठवड्यांपर्यंतच्या पिलाला भुलीविना कापता येई. २००१ च्या दुरुस्तीने ती मुदत सात दिवसांवर आली आणि २००८ च्या निर्देशातही तीच राहिली: सात दिवसांनंतर पशुवैद्य, भूल आणि लांबणारं वेदनाशमन बंधनकारक, सात दिवसांच्या आत काहीच नको. आठव्या दिवशी दुखायला लागतं आणि सातव्या दिवशी दुखत नाही, असं कुठल्याही शरीरशास्त्रात लिहिलेलं नाही.

या सात दिवसांना हसणं सोपं आहे, पण आपण माणसांच्या बाळांशी वेगळं वागत नव्हतो. १९८० च्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर हृदयाजवळच्या शस्त्रक्रिया नायट्रस ऑक्साइड आणि स्नायू लुळे पाडणारं औषध एवढ्यावर होत. बाळ हलू शकत नसे, म्हणून ते शांत आहे असं समजत. ऑक्सफर्डमध्ये काम करणारे डॉ. कन्वलजीत सिंग आनंद, मूळचे भारतातले, यांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं की फेंटानिल हे वेदनाशामक जोडलं तर बाळाच्या रक्तातली ताणाची संप्रेरकं उतरतात आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही कमी होते. त्यानंतर नवजाताला वेदना कळत नाहीत हे वाक्य वैद्यकातून हळूहळू नाहीसं झालं. डुकराच्या पिलाच्या शेडपर्यंत ही बातमी पोचायला आणखी वीस-पंचवीस वर्षं लागली, आणि तीही शास्त्रज्ञांपेक्षा दुकानदारांमुळे व ग्राहकांमुळे पोचली.

नॉर्वेने २००२ पासून स्थानिक भूल बंधनकारक केली. स्वित्झर्लंडने २०१० पासून भुलीविना खच्ची करणं थांबवलं. नेदरलँड्सने २००७ मध्ये नोर्डवाइक इथे साखळी दुकानं, मांस उद्योग आणि शेतकरी यांचा करार करून कार्बन डायऑक्साइडने भूल देण्याची वाट धरली. २०१० मध्ये ब्रसेल्समध्ये सगळ्यांनी मिळून एक जाहीरनामा केला: २०१२ पासून वेदनाशमन किंवा भूल, आणि २०१८ पासून शस्त्राने खच्ची करणं बंद. जाहीरनामा ऐच्छिक होता. २०१८ आलं आणि गेलं, पाती चालूच राहिली.

जर्मनीची कथा यात सर्वांत लांबलेली, आणि म्हणूनच या पुस्तकाने तीच निवडली ते बरं झालं. २००२ मध्ये प्राण्यांचं संरक्षण जर्मन राज्यघटनेत आलं. २०१३ मध्ये प्राणीसंरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन ठरलं की १ जानेवारी २०१९ पासून भुलीविना एकही पिलू कापायचं नाही. पाच वर्षांची मुदत होती. शेतकरी, कत्तलखाने, दुकानं आणि सरकार यांनी ती एकमेकांकडे बघण्यात घालवली, आणि २०१८ च्या अखेरीस संसदेने आणखी दोन वर्षं वाढवून दिली. पेटा या संघटनेने २०१९ मध्ये खुद्द पिलांच्या नावाने घटना न्यायालयात तक्रार नेली. वराहपिल्लं अर्जदार! न्यायालयाने ती ऐकायला घेतली नाही. हसण्यावारी न्यावं असा हा प्रकार वाटेल, पण ज्यांचं दुखतं तेच दाद मागणार हे न्यायाचं मूळ तत्त्व त्यात नेमकं पकडलं होतं. अखेर १ जानेवारी २०२१ ला बंदी लागू झाली.

त्या वाढीव दोन वर्षांत जे उभं राहिलं ते म्हणजे आयसोफ्ल्युरेनची भूल.

आयसोफ्ल्युरेन हा खोलीच्या तापमानाला द्रव असतो आणि सहज उडून जातो. माणसांच्या शस्त्रक्रियागृहात तो १९७० च्या दशकाच्या शेवटापासून आहे. जर्मनीत नोव्हेंबर २०१८ मध्ये पिलांच्या खच्चीकरणासाठी त्याला परवानगी मिळाली, आणि जानेवारी २०२० मध्ये एका स्वतंत्र नियमावलीने प्रशिक्षण घेतलेल्या शेतकऱ्यालाच ही भूल देता येईल असं ठरलं. पिलू आठ दिवसांहून लहान हवं. अंतर्गळ असलेली किंवा वृषण न उतरलेली पिलं शेतकऱ्याच्या हाती नाहीत, ती पशुवैद्याकडे.

यंत्र एखाद्या हातगाडीएवढं. वर दोन ते चार पाळणे. पिलू पाठीवर ठेवायचं, मागचे पाय चापात, नाक मास्कमध्ये. नाक दाबलं गेलं की वायू सुटतो: वाहक हवेत किंवा प्राणवायूत साधारण पाच टक्के आयसोफ्ल्युरेन. पहिले काही श्वास पिलू झगडतं, कारण या वाफेला तिखट वास असतो. मग पाय सैल पडतात. किमान सत्तर सेकंदांनी दिवा रंग बदलतो. पण दिव्यावर भागत नाही. दोन खुरांमधली त्वचा चिमटून पाहायची, पाय मागे घेतला तर भूल चढलेली नाही. मग पाती. वायू कापणं होईपर्यंत चालूच. मास्क काढला की दोन-तीन मिनिटांत पिलू जागं होतं, पण लडखडतं, गार पडलेलं असतं. त्याला लगेच आईजवळ सोडलं तर अंगाखाली चिरडलं जाण्याची भीती, म्हणून दिव्याखालच्या उबदार पेटीत. किती पिलांना भूल दिली याची नोंद यंत्र स्वतः ठेवतं आणि ती पुसता येत नाही. कागदावरचा हिशेब आणि यंत्रातला हिशेब जुळला नाही तर तपासणीसाला कळतं.

आणि इथेच पुस्तकाचा खरा विषय सुरू होतो. मराठीत ‘भूल’ हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. भूल देतात आणि भूल पडते. आयसोफ्ल्युरेनच्या बाबतीत दोन्ही होतात. हा वायू झोपवतो, वेदना शमवत नाही. पिलू झोपलं असताना पातीचं दुःख त्याला कळत नाही, पण जागं झालं की जखम तिथेच असते आणि ती दुखते, दिवसभर, कदाचित त्याहून जास्त. म्हणून कापण्याच्या वीसेक मिनिटं आधी मेलोक्सिकॅम किंवा तसलं वेदनाशामक टोचावंच लागतं. औषधाला चढायला वेळ लागतो. आधी टोचलं नाही तर सत्तर सेकंदांचा सगळा तमाशा फक्त कापणाऱ्याच्या कानांसाठी. पिलांना पहिल्या दिवसांत लोहाचं इंजेक्शन द्यावंच लागतं, कारण सिमेंटच्या शेडमध्ये त्यांना माती चाटायला मिळत नाही. पुष्कळ शेतकरी त्याच फेरीत हेही इंजेक्शन देऊन टाकतात. फेरी वाचते. पण मग एका मादीच्या सगळ्या पिलांना टोचेपर्यंत पहिल्याची वेळ झालेली असते आणि शेवटच्याची नसते. घड्याळाचं हे गणित पुस्तकात नीट सोडवलेलं आहे, आणि माझ्या मते यंत्राच्या चित्रांपेक्षा तेच महत्त्वाचं आहे.

डुकरांनी वायूचा मास्क पहिल्यांदा घातला तो मात्र वेदनेसाठी नव्हे. १९७० च्या दशकात युरोपातल्या पैदासकारांना एक कोडं सतावत होतं. पिएट्रेनसारख्या मांसल जातीची काही डुकरं गाडीत चढवताना, गरमीत, नुसत्या भांडणात अचानक ताठ होऊन मरत, आणि त्यांचं मांस फिकट, पाणचट निघे. असं जनावर ओळखायला पिलाला हॅलोथेन या भुलीच्या वायूचा वास देत. पाय लाकडासारखे ताठ झाले की ते पैदाशीतून बाद. १९९१ मध्ये त्यामागचा जनुकीय दोष सापडला आणि मग वायूची गरज राहिली नाही, रक्ताचा थेंब पुरला. हाच दोष असलेलं पिलू आयसोफ्ल्युरेनखालीही असंच ताठ होऊन मरू शकतं. तेव्हा मांसासाठी केलेल्या त्या निवडीमुळेच आजची भूल बऱ्याच कळपांत सुरक्षित झाली. दुसऱ्या कुणाच्या फायद्यासाठी केलेली गोष्ट चुकून प्राण्याच्या कामी येते, असं या क्षेत्रात वरचेवर घडतं.

कार्बन डायऑक्साइडच्या डच पद्धतीबद्दल थोडक्यात: ती स्वस्त आहे, यंत्र सोपं आहे, पिलू लवकर पडतं. पण सोडा वॉटर पिताना नाकात जी झिणझिणी येते तिची शंभरपट कल्पना करा. ओल्या त्वचेवर हा वायू आम्ल बनवतो, आणि पिलू धापा टाकत, डोकं फेकत बेशुद्ध होतं. अशी सुटका म्हणजे एका यातनेच्या जागी दुसरी. पुस्तकात तिला पानं जरा जास्तच दिली आहेत.

मास्क कोणी धरायचा, यावर जर्मनीत सर्वांत जास्त भांडण झालं. पशुवैद्यांच्या संघटना म्हणाल्या, भूल देणं हे डॉक्टरचं काम, ते शेतकऱ्याला देणं म्हणजे पायंडा पाडणं. शेतकरी म्हणाले, पशुवैद्य आठवड्यातून कितीदा येणार आणि त्याचे पैसे कोण देणार. मी स्वतः पशुवैद्यकी शिकवण्यात आयुष्य घालवलं, तरी या वादात माझा कल शेतकऱ्याकडे आहे. रोज त्याच पिलांबरोबर वावरणारा माणूस पिलाचा श्वास चुकला तर आधी ओळखतो. अट एकच, की तो घाईत नसावा. आणि घाई ही कुठल्याही प्रशिक्षणाने जात नाही, ती मजुरीच्या हिशेबाने येते.

त्या माणसाचीही काळजी घ्यावी लागते. मास्क नीट बसला नाही की वायू शेडमध्ये पसरतो. स्वित्झर्लंडमधल्या शेतकऱ्यांनी डोकेदुखी आणि चक्कर येत असल्याची तक्रार फार आधी केली होती. गरोदर बाईने हे काम करू नये हे सांगावं लागतं, लिहावं लागतं, आणि तरी ते पाळलं जाईल याची खात्री नसते. उरलेला वायू ओढून कोळशाच्या गाळणीतून नेला तर ठीक, नाही तर तो छतातून वर जातो. आयसोफ्ल्युरेनचं एक किलो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे पाचशे पट वातावरण तापवतं. पिलाची वेदना वाचवून ढगांत काय सोडतो, याचा विचार या यंत्राच्या जाहिरातीत कुठे दिसत नाही.

पैशाचंही सांगितलं पाहिजे. यंत्राची किंमत हजारो युरोंची. जर्मन सरकारने २०२० मध्ये खरेदीसाठी २ कोटी युरोंचं साहाय्य ठेवलं, पण लहान शेतकऱ्याने विचार केला की उरलेली रक्कम भरण्यापेक्षा माद्या विकलेल्या बऱ्या. शेजारी डेन्मार्कमध्ये शेतकरी स्वतः वृषणात स्थानिक भूल टोचून खच्ची करतो, आणि ती पिलं ट्रक भरून जर्मनीत येतात. जर्मन शेतकऱ्याने न कापणं, लस आणि वायूची भूल यांच्यापुढची ‘चौथी वाट’ म्हणून हीच मागितली होती. ती नाकारली गेली, कारण टोचणं स्वतःच दुखतं आणि वेदना पूर्ण जात नाही. मग डॅनिश पिलाची वेदना जर्मन दुकानात कशी चालते, या त्याच्या प्रश्नाला मला अजून कुणी सरळ उत्तर दिलेलं ऐकू आलं नाही.

खरं म्हणजे भुलीच्या या सगळ्या वाटा पिलाला कापण्याभोवतीच फिरतात. न कापणंही शक्य आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये नर तसेच वाढवतात आणि वयात येण्याआधी, हलक्या वजनावर मारतात. स्पेनमध्येही बहुतेक डुकरं तशीच, फक्त इबेरियन जातीची खच्ची. पार्माच्या हॅमला मात्र नऊ महिन्यांचं जड डुक्कर लागतं, तिथे ही युक्ती चालत नाही. त्याला उत्तर आहे लस. दोन टोचण्यांनी मेंदूतून वृषणांना जाणारा हुकूम काही आठवड्यांपुरता थांबतो, वास येत नाही, जनावराला जखम नाही. ऑस्ट्रेलियात १९९८ पासून ती आहे, युरोपात २००९ पासून. तरी जर्मन कत्तलखाने तिला कचरतात, कारण ‘हार्मोनचं मांस’ असं ग्राहक म्हणेल ही भीती. ते हार्मोन नाही, शरीराला हार्मोनविरुद्ध प्रतिपिंडं बनवायला लावणारी लस आहे, हे चार ओळींत सांगता येतं. ग्राहकाला एवढंही समजणार नाही असं धरून चालणं मला त्याचा अपमान वाटतो. लस जिथे चालते तिथे तीच वापरावी, हे माझं मत. वायूची भूल ही मधल्या काळाची सोय आहे, आणि सोय म्हणून ती चांगली आहे.

या पुस्तकाचा आपल्याला उपयोग काय, याचं उत्तर एका औषधात आहे. आपल्या गुरांच्या दवाखान्यांत मेलोक्सिकॅम भरलेलं असतं. ते आलं गिधाडांमुळे. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेल्या मेलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत होती, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली आणि गिधाडांना न मारणारं म्हणून मेलोक्सिकॅम पुढे आलं. जर्मन पिलाला वायूच्या आधी जे टोचतात तेच आपल्या कपाटात आहे. पाच टक्के आयसोफ्ल्युरेनची हातगाडी आपल्या तालुक्याला येणार नाही, ती यावी असंही माझं म्हणणं नाही. पण बोकड किंवा गोऱ्हा खच्ची करायला नेण्याच्या दिवशी हे इंजेक्शन आधी टोचायला पैसे फार लागत नाहीत, परवाना लागत नाही, फक्त वीस मिनिटं थांबावं लागतं.

तेव्हा वाचकाला एक विनंती. हे पुस्तक यंत्राच्या प्रकरणापासून उघडू नका, आधी वेदनाशामकाचं वाचा. आणि पुढच्या वेळी बोकड घेऊन दवाखान्याच्या ओट्यावर बसाल तेव्हा डॉक्टर चिमटा हातात घेण्याआधी त्यांना एवढंच विचारा: इंजेक्शन दिलं का, आणि किती वाजता दिलं?